ज्यांना बोट लागत नाही

'हेमांगी' हे मालवाहू जहाज बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीत बुडाले, तेव्हा त्यावर पाच माणसे होती. चौकशी समितीच्या मते त्या पाचांपैकी एकाचेही हृदयाचे ठोके बाहेर कळवणारे मनगटयंत्र चालू नव्हते. निष्कर्ष सर्वांच्या सोयीचा होता. हलगर्जीपणा मेलेल्यांच्या नावावर टाकला की जिवंतांपैकी कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही.

डॉ. केतकी पालशेतकर हिच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेत त्या दिवसाची मूळ नोंद पुष्कळ उशिरा पोहोचली, आणि तीही मागून येणाऱ्या दुसऱ्याच एका जहाजाने टिपलेली. केतकीने ती पडद्यावर उलगडली. पाचही मनगटयंत्रे चालू होती. पाच हृदये शेवटपर्यंत व्यवस्थित धडधडत होती. हल्ला करणाऱ्या ड्रोनलाही ती ऐकू आली होती. त्याने ती तपासली, नकली ठरवली, आणि मग तो जहाजावर आदळला.

तपासणीची ती पद्धत केतकीची होती.

सामुद्रधुनीच्या दोन्ही किनाऱ्यांवरचे पक्ष एकमेकांशी लढू लागले त्याला आता बरीच वर्षे झाली होती, आणि मधून जाणारे जहाज कोणाच्या फायद्याचे आहे हे दोघेही आपापल्या परीने ठरवीत. सुरुवातीला जहाजमालकांनी सोपा मार्ग काढला होता. माणसे जिबुतीला उतरवायची, जहाज दुरून चालवून पलीकडे न्यायचे आणि तिथे दुसरी माणसे चढवायची. कोणाचा जीव जाणार नाही, अशी त्यामागची कल्पना. परिणाम उलटा झाला. माणसाविना जहाज म्हणजे नुसते लोखंड, आणि लोखंडावर नेम धरताना कोणाचाच हात थरथरत नाही. हल्ले इतके वाढले की निम्मा व्यापार आफ्रिकेला वळसा घालू लागला आणि गव्हापासून इन्सुलिनपर्यंत सगळ्याचे भाव चढले. तेव्हा कुठे करार झाला. लक्ष्य निवडण्याचे काम एव्हाना ड्रोनवरच सोपवलेले असल्यामुळे करारही ड्रोनला समजेल असाच लिहावा लागला: जहाजावर एक जरी जिवंत माणूस असल्याची खात्री पटली, तरी हल्ला करायचा नाही.

खलाशी पुन्हा जहाजांवर चढले. बरीचशी कामे यंत्रेच करीत होती. माणसांनी सामुद्रधुनीत मुख्यतः जिवंत असायचे होते.

अडचण खात्रीची होती. मनगटयंत्र दोन ठोक्यांमधले अंतर मोजून बाहेर पाठवते, पण कालची नोंद आज पुन्हा वाजवली तर? जहाजमालकांवर विश्वास ठेवायला दोन्ही पक्षांपैकी कोणी तयार नव्हते, आणि त्यात ते चुकत होते असे म्हणता येत नाही. इथे केतकीचे संशोधन उपयोगी पडले. निरोगी हृदय घड्याळासारखे चालत नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारा एक चिमुकला अवयव असतो. जहाज कलले की तो मेंदूला खबर देतो, मेंदू रक्तवाहिन्या जराशा आवळतो, आणि पुढच्या दोनचार ठोक्यांत किंचित फरक पडतो. माणसाला तो जाणवत नाही, गणिताला सापडतो. जहाजाचे डोलणे ड्रोनच्या कॅमेऱ्यात लांबूनही दिसते. त्या डोलण्याचा आणि ठोक्यांचा मेळ बसला, तर माणसे आत्ता आणि याच जहाजावर आहेत. कालच्या नोंदीत कालच्या लाटा असतात. नकली हृदय बनवणे अशक्य नव्हते. ते फक्त खलाशी ठेवण्यापेक्षा महाग पडत होते, आणि बहुतेक करार एवढ्याशा फरकावरच टिकून असतात.

मेळ किती बसला म्हणजे पुरे, ही मर्यादा पुण्यात ठरली. प्रयोगशाळेत एक डोलती खोली बांधली होती. तिच्यात वसतिगृहांतली मुले-मुली स्वयंसेवक म्हणून बसली; लातूरची, वर्ध्याची, जळगावची. त्यांतल्या बहुतेकांनी समुद्र पाहिला होता तो सहलीत, घोट्याएवढा. समुद्रावर काम केलेल्यांना मुद्दाम वगळले होते. त्यांची शरीरे सरावलेली असल्यामुळे नोंदी दूषित होतील, असे प्रयोगाच्या आराखड्यात लिहिले होते आणि त्यावर केतकीसकट सगळ्यांच्या सह्या होत्या. प्रयोगशास्त्राच्या दृष्टीने त्यात वावगे काही नव्हते. निष्कर्ष फार स्वच्छ आले.

सरावलेला मेंदू पुढच्या डोलाचा अंदाज आधीच बांधतो. अंदाज खरा ठरला, की हृदयाला कळवण्यासारखे काही उरत नाही. 'हेमांगी'वरच्या पाचही जणांचे आयुष्य समुद्रावर गेले होते. त्यांच्या हृदयांना लाटांचे नवल राहिले नव्हते, म्हणून ड्रोनच्या लेखी ती हृदये कालची ठरली.

केतकीचे वडील मोरेश्वर पालशेतकर हे 'शुभांकर' नावाच्या जहाजावर सारंग होते, म्हणजे डेकवरच्या माणसांचे मुकादम. जहाज तांदूळ घेऊन निघाले होते आणि सामुद्रधुनीत शिरण्याच्या परवानगीसाठी जिबुतीच्या बाहेर थांबणार होते. वर सहा माणसे होती. खर्च वाचावा म्हणून माणसे कमी ठेवायची आणि कमी माणसांत निभावावे म्हणून ती मुरलेलीच घ्यायची, हा कंपनीचा शिरस्ता होता. सहांत एकही नवखा नव्हता.

केतकीने संचालक डॉ. चक्रदेव यांना सगळे दाखवले. ते हुशार गृहस्थ होते. त्यांना समजायला वेळ लागला नाही, आणि समजल्यावर ते फार सावकाश बोलू लागले. मर्यादा खाली आणली तर खलाशी दिसू लागतील, पण मग ध्वनिमुद्रित हृदयेही खरी ठरतील. ती एकदा खरी ठरली की दोन्ही पक्ष करारच मोडतील. शिवाय मर्यादा बदलायला दोघांच्या सह्या लागतात. आणि दोष जाहीर केला, तर यापुढे प्रत्येक बुडवलेल्या जहाजाबाबत, आम्हाला माणसे दिसलीच नाहीत, हे उत्तर तयार असेल. करारावर देखरेख करणाऱ्या मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात होती. तोपर्यंत प्रत्येक जहाजावर निदान एक न सरावलेला माणूस असावा, अशी सूचना कंपन्यांना पाठवता येईल, असे ते म्हणाले. 'शुभांकर'च्या कंपनीने सूचना मिळाल्याचे कळवले आणि असा माणूस इतक्यात कुठून आणायचा, अशी विचारणा केली.

तिने वडिलांना फोन लावला.

युद्धक्षेत्रात शिरण्याआधी प्रत्येक खलाशाला नकार देण्याचा हक्क असतो. नकार दिला तर कंपनीने त्याला स्वतःच्या खर्चाने घरी पोहोचवायचे असते. मोरेश्वररावांनी होकाराची सही केव्हाच करून टाकली होती.

"सही मागे घ्या, अप्पा. हक्क आहे तुमचा."

"हक्क आहे ते ठाऊक आहे. आपल्या खाडीत कोणी वापरलाय तो, ते सांग."

तिने त्यांना शक्य तितक्या सोप्या शब्दांत सगळे समजावले. शेवटी ती म्हणाली, "यंत्राला तुम्ही दिसत नाही, अप्पा."

"मला तरी ते कुठं दिसतंय?" मग ते म्हणाले, "मी उतरलो तर कंपनी माझ्या जागी कोणाला चढवणार? असाच कोणीतरी पिकलेला. त्याला बघणार आहे का तुझं यंत्र?"

हा युक्तिवाद शिकल्यासवरलेल्या कोणाच्याही तोंडी शोभला असता, आणि त्यातून बाहेर पडायची एकच वाट होती.

मोरेश्वरराव पालशेतकरांना उभ्या आयुष्यात कधी बोट लागली नव्हती. केतकीला मात्र दाभोळ-धोपावे फेरीबोटसुद्धा लागे. सारंगाच्या पोरीला फेरीबोट लागते, हा खाडीच्या दोन्ही काठांवरचा जुना विनोद होता. त्यांनी तिला दोनदा मचव्यावर नेऊन पाहिले आणि नंतर नाद सोडला. ती अभ्यासातली आहे, असे ते लोकांना सांगू लागले, आणि सांगताना त्यांचा आवाज एखादे वैगुण्य कबूल करावे तसा होई. तोल सांभाळणाऱ्या त्या चिमुकल्या अवयवाकडे केतकी कशी वळली, हे तिला मुलाखतीत कोणी विचारले नव्हते.

मंडळाची तपासनीस म्हणून तिच्याकडे जहाजावर जाण्याचा परवाना होता. चक्रदेवांनी थोडा विरोध करून पाहिला आणि मग मंजुरी दिली.

जिबुतीहून छोट्या लाँचने ती 'शुभांकर'जवळ पोहोचली, आणि दोरीची शिडी चढून वर येताच तिने कठडा गाठला. सहाही जण स्वागताला उभे होते. कुकने बादली पुढे केली. गोव्याचे कॅप्टन रेबेलो मान झुकवून म्हणाले, "वेलकम, डॉक्टर. आमचा विमा आला म्हणायचा." बाकीचे हसले. मोरेश्वरराव हसले नाहीत. मुलगी आपली ढाल म्हणून आली आहे आणि तिची एकमेव पात्रता म्हणजे तिचे पोट, हे त्यांना चारचौघांत पाहावे लागत होते. त्या दिवशी ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र आमसुलाचे पाणी घेऊन आले, ग्लास दोन उशांच्या मध्ये खोचून ठेवला आणि निघून गेले.

जहाज खुल्या समुद्रावर सावकाश, लांब डोल घेत थांबून होते. केतकीने ड्रोनमधल्या तपासणीची प्रत आपल्याबरोबर आणली होती. दुसऱ्या दिवशी तिने ती वडिलांना दाखवली. पडद्यावर सात रेघा होत्या. एक लाटेगणिक उसळत होती; बाकीच्या सपाट.

"ही नाचतेय ती कोण?" त्यांनी विचारले.

"मी."

"आणि हे सहा मेलेले?"

"तुम्ही सगळे."

त्यांनी निरखून पाहिले. "जात्यात भरडल्यासारखी दिसतेस," ते म्हणाले, आणि मग मळमळ होत असताना कुठे पाहू नये, कसे झोपावे हे सांगू लागले. केतकीने त्यांना थांबवले. बरे वाटणे हा तिच्या कामाचा भाग नव्हता.

परवानगी दुसऱ्याच दिवशी मिळणार होती. पण एका किनाऱ्यावर पुन्हा तोफा सुरू झाल्या आणि ताफे थांबले. जहाजे एकामागून एक येऊन रांगेत राहिली. केतकीला हा धोका माहीत होता. माणसाचा मेंदू समुद्राला सरावायला किती वेळ घेतो यावर तिचाच एक निबंध होता. ती दिवसचे दिवस खिडकी नसलेल्या खोलीत पडून राही, कारण क्षितिज दिसले की मेंदू लवकर शिकतो. उलट्या दिशेला तोंड करून बसे. मान तिरकी ठेवून वाची. हे सगळे करताना तिला जाणवत होते की आपण शरीराला शिकू न देण्याचा प्रयत्न करीत आहोत, आणि शरीराला ती विनंती कळत नाही.

एका सकाळी ती जागी झाली तेव्हा तिला भूक लागलेली होती.

ती उठून सरळ खानावळीत गेली, कुठेही हात न टेकता. मोरेश्वरराव जेवणाच्या टेबलाशी होते. तिने सुक्या जवळ्याची चटणी आणि भाकरी मागून घेतली आणि खाल्ली. ते बघत राहिले. जहाज डोलत होते आणि त्यांची मुलगी डोलाबरोबर अंग सैल सोडून बसली होती, मचव्यावर वाढलेल्या पोरीसारखी. त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेले. ते काहीतरी बोलणार होते. मग तिने ताट बाजूला सारून पडदा त्यांच्यासमोर ठेवला.

सातही रेघा सपाट होत्या.

"हे आजच व्हायचं होतं होय," मोरेश्वरराव म्हणाले.

कारण तासाभरापूर्वीच परवानगी आली होती. दुपारच्या ताफ्यात 'शुभांकर'चा क्रमांक होता. रांगेत नाव पुकारल्यावर मागे फिरणारे जहाज दोन्ही पक्ष संशयित धरत, आणि संशयिताच्या बाबतीत करार कितपत पाळला जाई, याबद्दल कोणी पैज लावली नसती.

केतकी कॅप्टन रेबेलोंकडे गेली. तिने विचार मांडला तो असा: मेंदू समुद्राला सरावत नाही, तो डोलाला सरावतो, आणि डोल किती लांब किंवा आखूड असावा हे जहाजातले वजन कुठे आहे यावर ठरते. तळाच्या टाक्या रिकाम्या आहेत. त्यांत समुद्राचे पाणी भरले तर वजन खाली जाईल आणि जहाज लांब, सावकाश डोलण्याऐवजी आखूड झटके देऊ लागेल. सातही मेंदूंचे अंदाज एकदम चुकतील.

"आयुष्यभर मी जहाज डोलू नये म्हणून टाक्या भरल्या आणि रिकाम्या केल्या," रेबेलो म्हणाले. "तुम्ही मला माझंच जहाज बिघडवायला सांगताय, डॉक्टर."

"करारात जहाजाने कसं डोलावं हे कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलं. शहाण्या माणसाला लिहावं लागत नाही." तरीही त्यांनी संगणकाकडे खुर्ची वळवली. तांदळाची पोती हलणार नाहीत, कण्याला ताण झेपेल, जहाज पाण्यात थोडे खोल बसेल पण मार्गिका पुरेशी खोल आहे. आकडे पुन्हा एकदा तपासून त्यांनी मोरेश्वररावांना बोलावले आणि पंप सुरू करायला सांगितले. जाताना मोरेश्वररावांनी केतकीला एवढेच विचारले, की हे चालेल याची खात्री आहे का. प्रयोगशाळेत असे कोणी करून पाहिलेले नाही, असे तिने सांगितले. त्यांनी मान डोलावली. वारा मागून, एका कुशीने येत होता, आणि आज त्याला जोर होता, हे त्यांनी आपणहून सांगितले.

टाक्या भरत आल्या तसा जहाजाचा स्वभाव बदलत गेला. आधी डेकवरच्या साखळ्या वाजू लागल्या. मग कपाटे उघडून मिटू लागली. लांब डोल तुटला. जहाज एका कुशीला जाई आणि तिथून कोणीतरी गचांडी धरून ओढावे तसे परत येई. सामुद्रधुनीच्या तोंडाशी पोहोचले तेव्हा लाटा कुशीवर येऊ लागल्या होत्या. केतकीच्या तोंडाला पाणी सुटले आणि मागोमाग सकाळची भाकरी वर आली. तिची रेघ उसळली, पण अर्धवट. मर्यादेच्या खालीच पोहोचून विरली. रिकाम्या पोटाने तिने पडदा मांडीवर घेतला आणि डोळे त्यावर रोखले. वाचत राहिल्याने मळमळ वाढते, हे या वेळी उपयोगाचे होते.

ड्रोन पूर्वेकडच्या किनाऱ्यावरून आला. आधी एक ठिपका, मग करड्या रंगाचे, आखूड पंखांचे, समुद्रपक्ष्याहून थोडेसेच मोठे वाटणारे काहीतरी. तो 'शुभांकर'च्या बरोबरीने उडू लागला, तेवढ्याच वेगाने, कशाचीही घाई नसल्यासारखा. तपासणीला जितका वेळ लागतो तितका तो घेत होता. किती लागतो, हे केतकीने स्वतःच ठरवले होते.

कुक खानावळीच्या दारात गुडघ्यांवर बसला होता. त्याची रेघ हलली. इंजिनियर खालून वर आला, शिव्या देत, आणि शिवी अर्धी टाकून कठड्याकडे धावला. कॅप्टन रेबेलोंनी कागदांची टोपली उचलली आणि सर्वांकडे पाठ केली. पडद्यावर एकेक रेघ जागी होत होती, अडखळत, सवय नसल्यासारखी. केतकीची मर्यादेला लागली, खाली आली, पुन्हा लागली, आणि टिकली. मग इंजिनियरची. मोरेश्वरराव बाहेर डेकवर उभे होते, पाय फाकवून, एका हाताने कठडा धरून, ड्रोनकडे पाहत. त्यांची रेघ सपाट होती. त्या रेघेशिवायही आता भागणार होते, हे केतकीला दिसत होते, तरी तिची नजर तिथून हलेना.

ड्रोनने एक पंख खाली झुकवला, मोठा वळसा घेतला आणि तो ताफ्यातल्या मागच्या जहाजाकडे निघून गेला. तिथे कोण आहेत आणि किती मुरलेले आहेत, हे इथून कळण्याचा मार्ग नव्हता. कॅप्टन रेबेलोंनी टोपली खाली ठेवली आणि तोंड पुसून रेडिओ घेतला. मागच्या जहाजाला त्यांनी हाक दिली, आणि तळाच्या टाक्या भरा, आत्ताच भरा, कारण नंतर सांगतो, असे दोनदा सांगितले. टाक्या भरायला लागणारा वेळ त्या जहाजाकडे होता की नव्हता, याचे गणित केतकीने मनात करून पाहिले आणि उत्तर येण्याआधी ती बाहेर आली.

मोरेश्वररावांचा चेहरा राखेसारखा झाला होता. दोन्ही हातांनी त्यांनी कठडा धरला होता. ती जवळ गेली तशी त्यांनी तिला हातानेच लांब राहायला खुणावले, मग एकदम वाकले, आणि बराच वेळ सरळ झाले नाहीत. ती त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. सरळ झाल्यावर त्यांनी बाहीने मिशी पुसली.

"मागच्याचं काय?"

"अजून कळलं नाही."

ते मागे वळून पाहत राहिले. मागचे जहाज अजून लांब, सावकाश डोल घेत होते, आणि तो ठिपका त्याच्या बरोबरीने उडत होता. मग जहाज एका कुशीला गेले आणि तिथून जरा लवकर परत आले. पुढच्या वेळी आणखी लवकर. ठिपका कितीतरी वेळ होता तिथेच राहिला. अखेर तो वर उचलला गेला आणि किनाऱ्याकडे लहान होत गेला.

मोरेश्वररावांनी श्वास सोडला. "बाय," ते खालच्या आवाजात म्हणाले, "मला बोट लागली हे घरी सांगू नकोस."

"अहवालात लिहावं लागेल, अप्पा. नावासकट."

"अहवाल गावात कोण वाचतो? लिही," ते म्हणाले. "तुझ्या आईला तेवढं सांगू नकोस." एवढे बोलून ते पुन्हा कठड्यावर वाकले.